सकाळचे मजूर आणि संध्याकाळचे मजूर

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, नाशिकच्या माणसाला परका वाटत नाही. एक मळेवाला पहाटे बाजारात जातो आणि दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर लावतो. नऊच्या सुमारास, बाराला आणि तीनला तो पुन्हा जाऊन आणखी माणसे आणतो, आणि दिवस कलल्यावर, कामाचा जेमतेम तास उरलेला असताना, पाचव्या खेपेला जाऊन बाजारात राहिलेल्यांनाही मळ्यात पाठवतो. संध्याकाळी तो कारभाऱ्याला सांगतो की शेवटी आलेल्यांपासून वाटप सुरू कर, आणि प्रत्येकाच्या हातावर सारखाच एक दिनार पडतो. दिवसभर ऊन सोसलेले मजूर साहजिकच कुरकुर करतात. त्यावर मळेवाला त्यांच्यातल्या एकाला म्हणतो की मी तुझ्यावर अन्याय केलेला नाही, तुझेमाझे एका दिनाराचेच ठरले होते.

नाशिकहून हरसूलच्या वाटेवर गिरणारे गाव लागते. द्राक्षाच्या हंगामात तिथे सकाळी मजुरांचा बाजार भरतो. त्र्यंबकेश्वर आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवरून आलेली माणसे डबा, पाण्याची बाटली आणि बदलायचे जुने कपडे पिशवीत घालून रस्त्याच्या कडेला उभी राहतात, बागाईतदार गाडी थांबवतो, आणि रोज किती, माणसे किती, काम विरळणीचे की काढणीचे, संध्याकाळी परत सोडणार की नाही, एवढ्या चार गोष्टींवर सौदा होतो. आधी कोण उचलले जाते हे पाहण्यासारखे असते. तरणीताठी पोरे पहिल्या गाड्यांत जातात, मग कात्रीवर हात बसलेल्या बाया जातात, आणि ऊन चढू लागले की कडेला राहतात ती वयस्कर माणसे, तान्हे मूल पाठीशी बांधलेली एखादी बाई, किंवा कोणत्याच टोळीत न बसणारा एकटा गडी. दाखल्यातला मळेवाला शेवटच्या माणसांना विचारतो की तुम्ही सारा दिवस इथे रिकामे का उभे आहात, आणि ते म्हणतात की आम्हाला कोणी कामावर लावले नाही. हे उत्तर गिरणाऱ्याच्या रस्त्यावर रोज खरे ठरते. ते आळशी असते तर बाजारात आलेच नसते.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी नोकरीची बहुतेक वर्षे पगारपत्रके तयार करण्यात घालवली. हजेरीपट, अर्धा दिवस, बिनपगारी रजा, दुप्पट दराने द्यायचा जादा काम भत्ता, या साऱ्या हिशेबामागे एकच तत्त्व असते: जितके काम तितका दाम. त्यामुळे रविवारी उपासनेत हा दाखला वाचला गेला की माझ्यातला हिशेबनीस सकाळच्या मजुरांच्या बाजूने उभा राहत असे, आणि आजही त्यांची कुरकुर मला क्षुद्र वाटत नाही. पण अडचण एकट्या दाखल्याची नाही. कष्ट आणि मोबदला याविषयी बायबल जे जे सांगते ते एका ओळीत मांडले तर ते एकमेकांशी भांडू लागते. नीतिसूत्रे म्हणतात की उद्योगी हात माणसाला धनवान करतो. उपदेशकाचे पुस्तक म्हणते की शर्यत वेगवानाच्याच वाट्याला येते असे नाही, आणि माणूस शहाणपणाने, कष्टाने जे मिळवतो ते त्यासाठी बोटही न हलवलेल्याच्या हाती सोडून जातो. प्रेषित पौल थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहितो की ज्याला काम करायचे नसेल त्याने खाऊही नये. येशू डोंगरावरच्या प्रवचनात पाखरांकडे बोट दाखवतो, जी पेरीत नाहीत, कापीत नाहीत, कोठारात साठवीत नाहीत, आणि तरी त्यांना खायला मिळते. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, असे लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. त्याच लूकच्या सतराव्या अध्यायात असे आहे की सांगितलेले सारे करून झाल्यावरही आपण निरुपयोगी दास आहोत, जे कर्तव्य होते तेवढेच केले, असे म्हणा.

या वचनांची गाठ सोडवताना बरेच लोक एक सोपी वाट धरतात. ते म्हणतात की मजुरीची वचने या जगाविषयी आहेत, कृपेची वचने स्वर्गाच्या राज्याविषयी आहेत, दोन्हींची गल्लत करू नका. दाखला स्वर्गाच्या राज्याचा आहे हे खरे, त्याची सुरुवातच तशी आहे. पण ही विभागणी माझ्या मनाला पटत नाही. येशूने राज्याची उपमा देण्यासाठी राजवाडा निवडला नाही, बाजारात उभा असलेला मजूर निवडला, आणि ज्यांनी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली त्यांच्यातल्या कित्येकांना दिवसाच्या दिनाराची किंमत स्वतःच्या पोटावरून ठाऊक असणार.

मला उपयोगी पडला तो वेगळा प्रश्न. हे वचन कोणाला उद्देशून आहे, देणाऱ्याला की घेणाऱ्याला, हे आधी विचारावे. हा प्रश्न हाती घेऊन वाचू लागलो तेव्हा बहुतेक भांडणे मिटली. सगळी नाही, आणि त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्याशी बायबल मजुरीविषयी बोलते तेव्हा त्याचा सूर कुठेही बदलत नाही. मोलाने लावलेल्याची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नको, असे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात कारणही दिले आहे: सूर्य मावळण्यापूर्वी त्याला दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे. तो मजूर आपल्या भाऊबंदांपैकी असो की गावात राहणारा परका, नियम तोच आहे. यिर्मया संदेष्टा राजाला धिक्कारतो, कारण तो शेजाऱ्याला फुकट राबवून स्वतःचे घर बांधतो. लाबानाने याकोबाची मजुरी दहा वेळा बदलली, ही तक्रार उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाच्याच तोंडी आहे, आणि ज्या लेआ व राहेल यांच्यासाठी तो राबला त्या लाबानाच्या मुलीच शेवटी नवऱ्याची बाजू घेतात. नव्या करारातले याकोबाचे पत्र तर धनवानांना बजावते की तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडत आहे. या सगळ्यांत एकाही ठिकाणी मालकाला असे सांगितलेले नाही की मजूर प्रामाणिक असेल तरच दे, त्याचे मन चांगले असेल तरच दे, किंवा थोडे उशिरा दिलेस तरी चालेल.

सूर्यास्ताचा हा नियम मला विशेष भिडतो, कारण माझ्या सगळ्या कामाला तारखांची चौकट होती. 1936 च्या वेतन कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहा तारखेच्या आत द्यावा लागे. आमच्याकडे कायम कामगारांचा पगार वेळेत होई. रखडायचे ते कंत्राटी कामगारांचे. कंत्राटदार सांगे की कंपनीने बिल काढलेले नाही, हिशेब विभाग सांगे की बिलाला कागद जोडलेले नाहीत, आणि 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदाराने पैसे न दिल्यास मूळ मालकाने ते द्यावेत अशी तरतूद असूनही महिन्याच्या विसाव्या दिवशी माणसे फाटकापाशी थांबलेली असत. त्यांच्यातल्या एकाने मला एकदा किराणा दुकानाची वही दाखवली. तिच्यात तांदूळ, गोडेतेल, चहापत्ती, साबण असे पानभर लिहिलेले होते, खाली बेरीज होती, आणि बेरजेखाली दुकानदाराने लाल शाईने रेघ ओढून पुढे उधार बंद असे लिहिले होते. जीव मजुरीवर लागलेला असतो म्हणजे काय, याचे इतके नेमके भाष्य मी कोणत्याही प्रवचनात ऐकलेले नाही.

हे सगळे मनात ठेवून पुन्हा द्राक्षमळ्यात गेले की दाखल्यातल्या काही गोष्टी ठळक होतात. पहिली अशी, की तिथे मजुरी संध्याकाळीच दिली जाते. म्हणजे जुन्या नियमशास्त्रातली सूर्यास्ताची अट मळेवाला पाळतो आणि मगच औदार्याकडे वळतो. दुसरी अशी, की सकाळच्या मजुरांना ठरलेले पूर्ण मिळते. शेवटच्यांना दिलेली वाढ त्यांच्या दिनारातून कापलेली नाही, ती मळेवाल्याच्या स्वतःच्या थैलीतून गेली आहे. हे औदार्य न्यायाच्या जागी आलेले नाही, न्याय पुरा झाल्यावर त्याच्यावर चढलेले आहे. हा क्रम उलटला तर दाखला दाखला राहत नाही. जो मालक दिवाळीला मिठाईचा डबा वाटतो आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे भरत नाही, त्याने मत्तयाचा विसावा अध्याय तोंडी आणू नये.

तिसरी गोष्ट दिनाराची. दिनार ही मजुराची त्या काळची सर्वसाधारण दिवसाची मजुरी होती, एका घराची चूल एक दिवस पेटेल एवढी. तासाच्या हिशेबाने शेवटच्या मजुरांना तिचा बारावा भाग मिळाला असता, आणि तेवढ्यावर चूल पेटली नसती. मळेवाल्याने दिवसाची गरज मोजली. यात सकाळच्या माणसाचे काय गेले, हे मी पगारपत्रकाच्या भाषेत पुष्कळदा मांडून पाहिले आहे. त्याचा एक पैसाही गेला नाही. गेला तो त्याचा वरचढपणा, आणि त्यालाही काही किंमत असते, हे कारखान्यात एका इंक्रिमेंटच्या फरकावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली माणसे पाहिल्यामुळे मी नाकारणार नाही.

पौलाच्या त्या कडक वाक्याकडेही याच प्रश्नाने पाहावे. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही लोकांनी आपण होऊन कामधंदा सोडला होता आणि ते इतरांच्या उठाठेवी करत फिरत होते. पौल त्यांना उद्देशून लिहितो, आणि तसे लिहिण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, कारण तो स्वतः तंबू शिवून पोट भरत असे, आणि आपण कोणाची भाकर फुकट खाल्ली नाही, असे तो त्याच पत्रात सांगतो. ज्याला काम करायचे नाही आणि ज्याला काम मिळत नाही, ही दोन वेगळी माणसे आहेत. पण आमच्या शहरात मी हे वाक्य सुस्थितीतल्या घरांत, जेवणाच्या टेबलावर, सिग्नलपाशी हात पसरणाऱ्यांविषयी किंवा रोजगार हमीच्या कामांविषयी ऐकले आहे. महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे हाती घेतली तेव्हा खडी फोडायला लाखोंनी माणसे आली. काम मिळाले तर माणूस येतो, याचा तो पुरावा होता. पौलाचे वाक्य काम नाकारणाऱ्याला लागते. ते काम मागणाऱ्यावर फेकणे हा पौलावरही अन्याय आहे.

नीतिसूत्रे आणि उपदेशक यांच्यातल्या विसंवादाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण आमच्या जिल्ह्यातला कोणताही बागाईतदार दोन्ही पुस्तके एकाच वर्षात जगतो. दिंडोरी तालुक्यात माझ्या आतेभावाची बाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, मग डोळे फुटणे, विरळणी, घड संजीवकात बुडवणे, रात्री-अपरात्री उठून फवारणी, हे सारे करणाऱ्याची बाग न करणाऱ्याच्या बागेपेक्षा चांगली येते, हे नीतिसूत्रांचे म्हणणे खरे आहे. आणि काढणीला चार दिवस उरलेले असताना पंधरा मिनिटांची गारपीट दोघांच्या बागा सारख्याच झोडपते, हे उपदेशकाचे म्हणणेही खरे आहे. ज्याने नीतिसूत्रे एकटी वाचली तो बुडालेल्या शेतकऱ्याला आळशी म्हणेल. ज्याने उपदेशक एकटा वाचला तो छाटणीच करणार नाही. बायबलच्या संग्राहकांनी दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवली आणि एकाची धार दुसऱ्यासाठी बोथट केली नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

खरी अस्वस्थता मला निरुपयोगी दासांच्या वचनापाशी वाटते. हे वचन शिष्यांना उद्देशून आहे. सेवेचा अहंकार धरू नका, देवाला तुम्ही ऋणी करू शकत नाही, असा त्याचा रोख आहे. पौल रोमकरांस पत्रात हेच वेगळ्या तऱ्हेने सांगतो: काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नसते, ते त्याचे येणे असते, आणि देवाशी माणसाचे नाते मात्र येण्याचे नाही. म्हणजे देवापुढे मागणे नाही हे सांगण्यासाठीसुद्धा पौलाला आधी मान्य करावे लागते की माणसामाणसांतली मजुरी हा हक्क आहे. इथवर मन शांत राहते. पण हेच वचन मालक नोकराला ऐकवू लागला की त्याचे विष होते, आणि इतिहासात ते झालेले आहे. कलस्सैकरांस पत्रात दासांना सांगितले आहे की धन्याचे काम मनापासून करा, प्रभूसाठी करतो असे समजून करा, आणि तुम्हाला वतनाचे प्रतिफळ मिळेल. लगेच पुढे धन्यांनाही सांगितले आहे की आपल्या दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या ख्रिस्ती देशांत पहिला भाग मोठ्याने वाचला गेला आणि दुसरा हळू.

नाशिकमध्ये हा इतिहास दूरचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरची वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे आणली गेली, शाळेत घातली गेली आणि त्यांना सुतारकाम, लोहारकाम असे कसब शिकवले गेले. त्यांतले काही तरुण पुढे आफ्रिकेत शोधमोहिमा करणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमेत गेले, आणि 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. शरणपूर रोडवरून जाताना मला नेहमी त्या मुलांचा विचार येतो. ज्या पुस्तकाची वाक्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी होती, तेच पुस्तक या मुलांना सांभाळणाऱ्यांच्या हाती होते. पुस्तक एकच, मग फरक कशाने पडला? माझ्या समजुतीप्रमाणे फरक एवढाच, की एकांनी दासाला लिहिलेले वाक्य त्याच्या हातून काढून घेऊन धन्याचे हत्यार केले, आणि दुसऱ्यांनी धन्याला लिहिलेले वाक्य स्वतःला लावून घेतले.

तरीही एक दाखला माझ्या या किल्लीने उघडत नाही, आणि तो उघडला असे मी म्हणणार नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात धनी परदेशी जाताना एका दासाला पाच तालांत (तालांत म्हणजे त्या काळची मोठी रक्कम), दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक देऊन जातो. पहिले दोघे दुप्पट करतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. धनी परत आल्यावर तिसऱ्याचा एक तालांतही काढून पहिल्याला देतो, आणि ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळेल, ज्याच्यापाशी नाही त्याच्याजवळचे तेही घेतले जाईल, असे म्हणतो. विसाव्या अध्यायात जो कमीत कमी राबला त्याच्या हातात पुरा दिनार पडला आणि पाचच अध्यायांनंतर जो कमी धजला त्याचे होते तेही गेले. तिथे मजुरीचा प्रश्न नाही, सोपवलेल्या ठेवीचा आहे, हा खुलासा मी वाचलेला आहे आणि तो काही अंशी बरोबरही आहे. पण तिसरा दास धन्याला तोंडावर सांगतो की तू जिथे पेरले नाहीस तिथे कापतोस, आणि धनी ते नाकारत नाही. हा धनी आणि तो मळेवाला एकाच देवाचे चित्र असतील तर माझ्या प्रार्थनेत मी कोणापुढे उभा असतो, हा प्रश्न मला अजून पडतो. पहिल्या दोन दासांना धन्याने शाबासकी देताना एकाच शब्दांत दिली, पाचवाल्याला जास्त आणि दोनवाल्याला कमी अशी दिली नाही, एवढा एक धागा मला त्या दाखल्यात विसाव्या अध्यायाकडे जाणारा दिसतो. त्याहून जास्त काही सापडलेले नाही.

आतेभावाची शंका मात्र वेगळी आणि रोकडी होती. सगळ्यांना सारखेच मिळणार हे एकदा कळले की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बागेत कोण येईल, असे त्याने विचारले. दाखला एका संध्याकाळचा आहे आणि दुसऱ्या सकाळविषयी तो काहीच बोलत नाही, त्यामुळे त्याचे उत्तर तिथे शोधून मिळत नाही. ते मला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात मिळाले. अमालेकी लोकांनी लुटून नेलेले परत आणायला दावीद सहाशे माणसांनिशी निघतो. बसोर ओढ्यापाशी दोनशे जण इतके थकलेले असतात की त्यांच्याने पुढे जाववत नाही, म्हणून ते सामानापाशी थांबतात. चारशे जण लढून सारे परत आणतात आणि त्यांच्यातले काही म्हणतात की जे आले नाहीत त्यांना लुटीतले काही देऊ नये. दावीद ठरवतो की लढाईला गेलेल्याचा आणि सामानापाशी राहिलेल्याचा वाटा सारखा. पुढचे वाक्य फार महत्त्वाचे आहे: त्या दिवसापासून इस्राएलात तोच विधी आणि नियम झाला. एका दिवसाचा निर्णय तिथे कायमचा कायदा झाला, आणि त्यामुळे दावीदाच्या पुढच्या लढायांना कोणी आले नाही असे कुठेही लिहिलेले नाही.

आतेभावाकडे विरळणीला येणारी टोळी रोजावर येत नाही, एकरावर उक्ते काम घेते. मुकादम नवरा-बायकोंच्या जोड्या जमवून आणतो. वेलींच्या ओळी वाटून घेतल्या जातात, आणि बारीक कात्रीने घडातले जादा मणी काढताना एखादीचा हात दोन ओळी पुढे जातो तर एखादीचा मागे राहतो. मागच्या हंगामात त्यांच्यात एक म्हातारी होती, जिला मान वर करून फार वेळ उभे राहवत नव्हते. ती बहुतेक वेळ बांधावर बसून पोरे सांभाळत होती आणि अकराच्या सुमारास सगळ्यांना पाणी देत ओळींमधून फिरत होती. काम उरकल्यावर मुकादमाने स्वतःचा ठरलेला हिस्सा आणि हंगामाआधी दिलेली उचल वजा केली आणि उरलेल्या रकमेचे डोक्यांप्रमाणे सारखे वाटे केले. म्हातारीलाही पुरा वाटा मिळाला. आतेभावाने मुकादमाला विचारले की पुढे पळणाऱ्या पोरींना हे चालते का. मुकादम म्हणाला की त्यांची पोरे तिच्यापाशी होती म्हणून त्या पुढे पळत होत्या, आणि पुढच्या प्लॉटला त्याच जोड्या येणार आहेत, म्हातारीसकट, तेव्हा साहेबांनी तारीख तेवढी आजच सांगून टाकावी.